दत्तोबाला सोबत पाहिजे

माधवराव सोनटक्क्यांचा हेवा तसा निरुपद्रवी होता. समोरच्याचं वाटोळं व्हावं असं त्यांना कधीच वाटलं नाही. समोरच्याकडे जे आहे ते खुशाल असावं, फक्त ते त्याच्याआधी आपल्याकडे असायला हवं होतं, एवढंच त्यांचं म्हणणं असे. खडकीच्या कारखान्यात तपासणी विभागात त्यांची सगळी नोकरी दुसऱ्यांच्या कामातली खोट काढण्यात गेली. निवृत्त झाल्यावर खोट काढायला घरात फक्त बायको उरली, आणि जया महापालिकेच्या शाळेत मुख्याध्यापिका असल्यामुळे त्या बाबतीत त्यांना वरिष्ठ होती.

अशा माणसाच्या समोरच्या फ्लॅटमध्ये विश्वजीत कोंढरे राहावा, याला नशीब म्हणतात. कात्रजजवळची ती इमारत ज्या जमिनीवर उभी होती ती जमीनच मुळात विश्वजीतच्या आजोबांची. बाकीचे सगळे हप्ते भरून वर चढले होते; विश्वजीतला बिल्डरने दोन फ्लॅट एकत्र करून दिले होते. एवढं असून माणूस माजोरी असता तर सोपं झालं असतं. पण विश्वजीत हसतमुख, दिलदार, कुणाचं सिलिंडर वर न्यायचं असलं तरी शर्टाच्या बाह्या दुमडून हजर. अशा माणसाचा हेवा करणं फार जड जातं. माधवराव ते नेटाने करत.

त्या संक्रांतीला जया कोंढऱ्यांकडे हळदीकुंकवाला गेली आणि चांगल्या दोन तासांनी परत आली.

"अहो, समुद्र आहे हो त्यांच्याकडे!" चपला काढता काढताच ती म्हणाली. "भिंतभर काचेची टाकी. खाऱ्या पाण्याची. आणि हिरव्या माशांचा एक थवा आहे त्यात. वळले की सगळे एकदम वळतात. मी इतकी वर्षं कवायत घेते, पण अशी वळणारी मुलं काही बघितली नाहीत."

माधवरावांनी आमटीत मीठ जास्त झाल्याचं सांगितलं. आमटी त्यांनी स्वतःच केली होती.

पुढचे दोन दिवस जयाच्या तोंडी तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी पेपर घडी करून ठेवत माधवराव म्हणाले, "आपणही एक टाकी घेऊ."

"आपण?"

"का? समुद्र काय कोंढऱ्यांच्या नावावर आहे?"

"जमीन तरी आहे," जया म्हणाली आणि शाळेत गेली.

टाकी तीन फुटी ठरली, कारण हॉलमध्ये दिवाण आणि शोकेस यांच्यामध्ये तेवढीच जागा होती. आता पुण्यात माणसाने घरात काही नवीन करायचं म्हटलं, की आधी इमारतीतली माणसं ते करून मोकळी होतात. पहिल्या आल्या खालच्या मजल्यावरच्या गोदाकाकू. ऐंशीच्या घरातल्या, आणि बरोबर माधवरावांच्या हॉलखाली देवघर असलेल्या.

"सोनटक्के, समुद्र आणताय म्हणे?"

"छोटासा," माधवराव म्हणाले.

"पाणी कसलं घालणार?"

माधवरावांनी एव्हाना मोबाइलवर बराच अभ्यास केला होता. ते उत्साहाने सांगू लागले, की आधी नळाचं पाणी फिल्टरमधून काढायचं, म्हणजे त्यातले सगळे क्षार जातात. मग त्या शुद्ध पाण्यात समुद्राचं खास मीठ मोजून कालवायचं.

"म्हणजे आधी क्षार काढायचे आणि मग घालायचे?"

"हो."

"मग आधीचे का काढले?"

यावर माधवरावांनी 'शास्त्र आहे ते' असं काहीसं पुटपुटून घेतलं. गोदाकाकू दारातून वळल्या. "खडकवासल्याचं अमृतासारखं पाणी मिळतंय, तर त्यात मीठ कालवून बसा. मुंबईकरांना कळलं तर हसतील हो."

मग सोसायटीचा सेक्रेटरी आमोद. हा एका आयटी कंपनीत होता, पण बर्म्युडा घालून घरूनच काम करी. माधवराव नियमाने वागणारे. रीतसर परवानगी घ्यावी म्हणून त्याच्याकडे गेले.

"ॲक्च्युअली काका, मरीन टँकसाठी आपल्याकडे पॉलिसीच नाहीये," आमोद म्हणाला.

"मग विश्वजीतला कशी दिलीत?"

"त्यांनी विचारलंच नाही ना. तुम्ही विचारलंत, म्हणजे आता प्रोसेस आली."

प्रोसेस म्हणजे स्लॅबवर पडणारं वजन, खाऱ्या पाण्याने गंजू शकणारं लोखंड, आणि पाळीव प्राण्यांचा नियम. या नियमाप्रमाणे कुठलाही पाळीव प्राणी लिफ्टमधून नेताना त्याला मुसकं बांधणं सक्तीचं होतं.

"माशाला?" माधवरावांनी विचारलं.

"रूल जनरल आहे काका. मीटिंग झाल्याशिवाय मला एक्सेप्शन नाही करता येणार."

शेवटी मासा जिन्याने वर आणायचा या अटीवर परवानगी मिळाली. माधवराव चौथ्या मजल्यावर राहत होते.

टाकी आली, दगड आले, वाळू आली, पंप आला. पाणी भरलं, मीठ कालवलं, खारटपणा मोजायचं यंत्र आलं. या यंत्रावर माधवरावांचा फार जीव जडला. दिवसातून चार वेळा ते पाणी मोजत आणि समाधानाने मान हलवत. पण मासा मात्र लगेच सोडायचा नसतो. पाण्यात आधी उपयोगी जंतू वाढावे लागतात, त्याला महिना-दीड महिना जातो. तेवढे दिवस माधवराव खुर्ची टाकून रिकाम्या पाण्यासमोर बसून राहिले. येणारा-जाणारा आत डोकावे. मासा कुठाय म्हणे. माधवराव म्हणत, "येणार आहे." जणू काही तो गाडीत बसला आहे.

"मग सध्या काय करताय?" गोदाकाकूंनी विचारलं.

"जंतू वाढवतोय."

"त्याला एवढी टाकी कशाला? आमच्या मोरीत आपोआप वाढतात."

एकदा पंपाची नळी निसटली. माधवराव नेमके भाजी आणायला गेले होते. परत येईतो समुद्र हॉलभर पसरून स्लॅबच्या कुठल्याशा फटीतून खाली उतरला होता. गोदाकाकू जिन्यातच उभ्या होत्या, हातात ओला बाळकृष्ण.

"सोनटक्के, द्वारका एकदा बुडाली तेवढी पुरे झाली."

त्यांनी सोसायटीकडे तक्रार केली. आमोदने येऊन फोटो काढले आणि 'लवकरच कमिटी इन्स्पेक्शनला येईल' असं सांगून गेला. इन्स्पेक्शन हा शब्द ऐकून माधवरावांनी पुन्हा फरशी पुसायला घेतली. जन्मभर त्या शब्दाने दुसऱ्यांची धावपळ व्हायची.

एवढं सोसल्यावर, एका गुरुवारी, ते मासा आणायला गेले. दुकानदार केयूर मत्स्यशास्त्र शिकलेला तरुण होता आणि ते शिक्षण तो गिऱ्हाइकाला विसरू देत नसे. माधवरावांनी थेट त्या हिरव्या माशांकडे बोट दाखवलं. बोटभर लांबीचे, पाठीवर हिरवे, पोटाला निळसर. उजेडात वळले की काचेचे तुकडे उधळल्यासारखे चमकत.

"क्रोमिस," केयूर म्हणाला. "हे प्रवाळात थव्याने राहतात काका. एकटा कधीच न्यायचा नाही. सात घ्या."

माधवराव मनात हसले. एक मागितलं की सात गळ्यात मारायचे, हे पुण्यात त्यांना कोण शिकवणार?

"एक द्या."

"एकटा हा मासा घाबरून राहतो. त्याला सोबत लागते."

"मी आहे ना दिवसभर घरी," माधवराव म्हणाले.

केयूरने त्यांच्याकडे एकदा पाहिलं, आणि पिशवीत एक मासा भरून दिला.

गुरुवारी आला म्हणून जयाने त्याचं नाव दत्तोबा ठेवलं. माधवरावांच्या मनात 'सेनापती' होतं, पण जयाने हाक मारली आणि नाव पडलं. इथूनच खरं तर माधवरावांनी सावध व्हायला हवं होतं.

दत्तोबा पहिल्या दिवशी दगडामागे गेला तो गेलाच. नव्या जागी बुजला असेल म्हणून माधवरावांनी चार दिवस दम धरला. मग आठ दिवस. ते सकाळी खुर्ची टाकून बसत, हलक्या आवाजात बोलत, बारीक गोठवलेली कोळंबी चिमटीने सोडत. दगडामागून एक डोळा तेवढा दिसे. खाणं वाहून मागे गेलं की तो डोळा हळूच पुढे येई, तुकडा उचली आणि परत अंधारात. माधवराव जरा खुर्चीतून हलले, की डोळासुद्धा दिसेनासा होई.

आणि संध्याकाळी जया घरी आली की?

पर्स ठेवून ती टाकीशी जाऊन हात हलवी, "काय दत्तोबा, जेवलास का?" म्हणे, आणि तो पठ्ठ्या दगडामागून सुसाट निघून काचेला येऊन भिडे. ती डावीकडे गेली की हा डावीकडे. उजवीकडे गेली की उजवीकडे. अंगावर असा रंग चढे, की सकाळी पाहिलेला तो मळका प्राणी हाच का, अशी शंका यावी.

"लाघवी आहे हो फार!" जया म्हणाली.

"माझ्याशी तर बोलत नाही," माधवराव म्हणाले. त्यांना ते हसण्यावारी न्यायचं होतं, पण आवाज वेगळाच निघाला.

"तुम्ही तपासणीला बसल्यासारखे बसता. घाबरेल नाही तर काय करेल?"

हे त्यांना फार लागलं. पाणी मोजायचे ते. पाणी बदलायचे ते. कोपरापर्यंत हात घालून काच घासायचे ते; कातडीला खाज सुटली म्हणून रात्री खोबरेल लावायचे तेही तेच. जया काय, तर संध्याकाळी दोन मिनिटं येऊन लाड करून जायची. या जगात राबणाऱ्याला मान नाही, हे त्यांना कारखान्यात माहीत होतं. घरातल्या माशानेही तेच शिकवावं?

बरं, जयापुरतं असतं तरी ठीक. एके दिवशी गोदाकाकू छताच्या ओलीचा जाब विचारायला वर आल्या, बोलताना हात उडवू लागल्या, आणि दत्तोबा दगडामागून बाहेर येऊन त्यांच्याकडे टक लावून पाहू लागला. जिने टाकीविरुद्ध तक्रार केली, तिच्याकडे! काकू टाकीकडे वळल्या. "बरा आहे दिसायला," म्हणाल्या, आणि जाब विचारायचा राहून गेला.

त्या दिवशी माधवराव जेवले नाहीत. जयाने दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही, त्याचाही त्यांना राग आला.

मग त्यांनी मूळ कारण शोधायचं ठरवलं. माल नापास झाला की एकेक शक्यता खोडत जायचं, ही त्यांची पद्धत. प्रथम आवाज. जयासारख्या बारीक आवाजात "काय दत्तोबा, जेवलास का?" म्हणून पाहिलं; दत्तोबा आणखी आत गेला. मग चष्मा. जयाचा घालून पाहिला; दत्तोबा आला नाही, आणि माधवरावांचा गुडघा दिवाणावर आपटला. मग तिची ओढणी खांद्यावर टाकून पाहिली. ओढणी पाण्यात पडली आणि खाऱ्या पाण्याने तिचा रंग गेला, ते प्रकरण वेगळंच वाढलं.

उत्तर मिळालं ते रविवारी. जया टाकीजवळ कोथिंबीर निवडत बसली होती. पुतणीच्या लग्नात भरलेला हिरवा चुडा अजून तिच्या हातात होता. ती काडी मोडी, हात खाली नेई, आणि बांगड्या एकदम खाली घसरत. हात वर घेई, बांगड्या एकदम वर. उजेडात सगळ्या एकदम चमकत. काचेपलीकडे दत्तोबा त्या बांगड्यांबरोबर खाली जात होता आणि बांगड्यांबरोबर वर येत होता. मध्ये थांबत होता. त्या थांबल्या की वाट पाहत होता.

गोदाकाकूंच्या हातातही हिरव्या बांगड्या होत्या.

माधवराव हातातला चहा विसरून बघत राहिले. तो जयाला ओळखत नव्हता तर! तिच्या मनगटावर त्याला आपली माणसं दिसत होती. पहिल्यांदा त्यांना मनापासून बरं वाटलं, की जयावरही त्याचं प्रेम नाही. मग जरा वेळाने, इतकं बरं वाटलं नाही.

जयाला त्यांनी हे सांगितलं नाही. आणि पुढच्याच आठवड्यात तिला मुख्याध्यापकांच्या प्रशिक्षणासाठी नगरला जावं लागलं. निघताना तिने काचेवर हात ठेवून दत्तोबाचा निरोप घेतला. माधवरावांना फ्रिजमधल्या डब्यांबद्दल सूचना दिल्या.

जया गेली आणि दत्तोबाने अन्न सोडलं.

आधी माधवरावांना वाटलं, नाटक करतोय. दुसऱ्या दिवशी कोळंबी तशीच वाहून गेली. तिसऱ्या दिवशी तो दगडामागे एका अंगावर कलल्यासारखा दिसला. रंग उडालेला, कल्ले भराभर हलताहेत. माधवरावांनी पाणी मोजलं. पाणी उत्तम होतं. पाणी इतकं उत्तम असताना मासा का मरतोय, याचं उत्तर यंत्रात नव्हतं. त्यांनी केयूरला फोन लावला.

"सांगितलं होतं काका," केयूर म्हणाला. हे वाक्य ऐकायला लागू नये म्हणूनच ते फोन टाळत होते. "आता त्या छोट्या टाकीत नवे सोडलेत तर जागेवरून मारामाऱ्या होतील. मोठ्या टाकीत, मोठ्या थव्यात मिसळला तर जमेल. कुणाकडे आहे का तसा?"

माधवरावांनी समोरच्या बंद दाराकडे पाहिलं आणि म्हणाले, "नाही."

मग त्यांनी पायात चपला घातल्या आणि मंडईजवळच्या मैनाबाई कासारणीकडे गेले. ती टोपलीत बांगड्या मांडून बसलेली असे.

"हिरव्या द्या. डझनभर."

"माप?"

माधवरावांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आपला हात पुढे केला.

मैनाबाईने हाताकडे पाहिलं, मग तोंडाकडे. "वहिनी न्हाईत व्हय?"

"त्या गावाला गेल्यात. मला... नाटकात काम आहे."

"कुनाचं?"

"सासूचं," माधवराव म्हणाले.

मैनाबाईने पुढे विचारलं नाही. तिने त्यांचा हात साबणाच्या पाण्यात बुडवला, अंगठा आत दुमडला आणि एकेक बांगडी अशी सफाईने चढवली की त्यांना कळलंदेखील नाही. "हात मऊ हाय तुमचा," ती म्हणाली. रोज भांडी घासत असल्यामुळे असेल, पण माधवरावांना उगाच बरं वाटलं. हात पिशवीत घालून ते घरी आले. मऊ असला तरी हात आता सुजायला लागला होता, आणि बांगड्या उतरायचं नाव घेत नव्हत्या.

ते टाकीसमोर बसले आणि हात वर केला. बांगड्या एकदम किणकिणल्या.

दगडामागे काही हललं. एक डोळा. मग डोकं. मग दत्तोबा हळूहळू, वाकडातिकडा, बाहेर आला आणि काचेशी थांबला. माधवरावांनी हात डावीकडे नेला. तो डावीकडे गेला. उजवीकडे नेला, उजवीकडे आला. दुसऱ्या हाताने त्यांनी कोळंबीचा एक कण सोडला. दत्तोबाने तो गिळला. दुसरा सोडला, तोही गिळला. आणि मग त्याने माधवरावांकडे पाहिलं. म्हणजे मनगटाकडे पाहिलं. पण माधवरावांनी त्यात फरक केला नाही. त्यांचे डोळे भरून आले होते.

नेमकी तेव्हाच बेल वाजली.

दारात कमिटी उभी होती. आमोद, गोदाकाकू, आणि कमिटी मेंबर म्हणून विश्वजीत. इन्स्पेक्शन! माधवरावांनी दार उघडण्याआधी खुंटीवरचा स्वेटर कसाबसा चढवला होता. बाहेर वैशाखातलं ऊन होतं.

"काका, बरं नाही का?" आमोदने विचारलं.

"थोडी कणकण आहे," माधवराव म्हणाले, आणि बाहीतून किणकिण झाली.

गोदाकाकूंनी कान टवकारले. "जया आली वाटतं?"

"नाही. शनिवारी येणार."

किणकिण.

"मग आत कोण आहे?"

आमोदचा चेहरा लाल झाला. "काका, आय मीन, तुमची प्रायव्हसी आहे. आम्ही नंतर येतो." गोदाकाकू मात्र स्वयंपाकघरात डोकावून आल्या, मग बेडरूमच्या दाराशी गेल्या आणि पडद्याखाली पाय दिसतात का ते वाकून पाहिलं.

क्षणभर माधवरावांना वाटलं, असू दे. घरात बाई आहे हा लौकिक हातात बांगड्या आहेत या लौकिकापेक्षा बरा. एखाद्या निवृत्त माणसाबद्दल लोक जरा आदराने तरी बोलतील. पण शनिवारी जया येणार होती, आणि गोदाकाकू जिन्यातच गाठणार होत्या.

"ती नळी कुठली निसटली होती काका?" विश्वजीतने त्यांना वाचवायला विषय बदलला.

"ती वरची," म्हणत माधवरावांनी सवयीने हात वर केला. बाही कोपरापर्यंत घसरली. डझनभर बांगड्या सगळ्यांसमोर झळकल्या, आणि टाकीत दत्तोबा आनंदाने वर उसळला.

आमोद मोबाइलमध्ये बघू लागला. गोदाकाकूंनी पुढे येऊन त्यांचं मनगट धरलं, फिरवून पाहिलं.

"छान बसल्यात. मैनाकडून भरल्यात ना?"

"हो," माधवराव म्हणाले.

"तिचा हात हलका आहे," काकू म्हणाल्या.

पुरुषाने हातात बांगड्या भरल्या आहेत का, असं आपल्याकडे कुणालाही रागाने विचारतात. भरल्या आहेत असं उत्तर द्यायची वेळ माधवरावांवरच आली. त्यांनी खुर्चीत बसून, मान खाली घालून सगळं सांगितलं. मासा खात नव्हता, बांगड्या पाहून खातो. एवढंच.

विश्वजीत हसला नाही. हसला असता तर माधवरावांनी त्याला आयुष्यभर माफ केलं नसतं आणि प्रश्न मिटला असता. तो टाकीसमोर उकिडवा बसला आणि दत्तोबाकडे बघत राहिला.

"काका, ह्यो एकटा हाय ओ," तो म्हणाला. "बांगड्यांत सोयरे हुडकतोय बिचारा. माझ्याकडं सोडा त्याला. टाकी मोठी हाय, थवा हाय. तुमचाच राहील, मी काय नाव लावणार हाय का त्याला?"

"नाही," माधवराव म्हणाले.

सगळे गेले. माधवराव पुन्हा हात वर करून बसले. दत्तोबा आला. खांदा भरून आला तसा त्यांनी हात खाली घेतला. दत्तोबा थोडा वेळ थांबला आणि दगडामागे गेला. त्यांनी हात वर केला, तो आला. खाली घेतला, गेला. असं संध्याकाळपर्यंत चाललं. जयाने कधी दोन मिनिटांच्या वर हात हलवला नव्हता, ते बरोबरच होतं. माणसाला कामं असतात. माधवरावांनाही भाकरी टाकायची होती. एक हात काचेला लावून ती टाकता येईना.

घराच्या दारापासून विश्वजीतच्या दारापर्यंत फार तर आठ-दहा पावलं. पण बादलीत दत्तोबाला घेऊन ती पावलं टाकताना माधवरावांना आपलं मूल दुसऱ्याला दत्तक द्यायला निघाल्यासारखं वाटलं. तेही सोयीस्कर, श्रीमंत, समोरच्याच घरात.

विश्वजीतने एकदम सोडलं नाही. त्याने टाकीत जाळीची पेटी टांगली आणि दत्तोबाला त्यात ठेवलं, म्हणजे थव्याने आधी पाहून घ्यावं, उगाच टोचू नये. माधवराव दुसऱ्या दिवशी दुपारी विचारपूस करायला गेले. पेटीभोवती हिरवे मासे जमले होते. दत्तोबा आतून त्यांच्याबरोबर फिरत होता. बांगड्या एव्हाना गोदाकाकूंनी तेल लावून काढल्या होत्या, आणि काढता काढता सबंध इमारतीला सांगून झालं होतं.

"बसा की काका," विश्वजीत म्हणाला. त्याने एक आरामखुर्ची टाकीसमोर ओढली. "हितं कुनी बसतच न्हाई. बायको तिच्या दुकानात, पोरं हॉस्टेलला. एवढा समुद्र आणला, आन् बघतोय मी एकटा."

माधवराव बसले. विश्वजीतने चहा केला. चहा बेताचा होता, याचं त्यांना समाधान वाटलं.

दोन दिवसांनी पेटी उघडली. दत्तोबा कडेला घुटमळला, बाहेर आला, आणि थवा वळला त्याबरोबर वळला. माधवरावांनी डोळे मिचकावले आणि पुन्हा पाहिलं. त्यातला कुठला दत्तोबा, ते त्यांना सांगता येईना. एवढी काळजी केली, एवढ्या बांगड्या भरल्या, आणि निघून जाताना साधं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. वळला तो थव्याबरोबर वळला.

"तो बघा, तिसरा," विश्वजीत म्हणाला.

"छे, तो नव्हे. तो पलीकडचा, तजेलदार," माधवराव ठासून म्हणाले.

"हा, तोच तोच," विश्वजीतने लगेच मान्य केलं.

शनिवारी जया आली. रिकामी टाकी पाहून तिचा चेहरा उतरला. माधवरावांनी सगळं सांगितलं, बांगड्यांसकट. ती गोदाकाकूंकडून ऐकून आलीच होती. ती थेट कोंढऱ्यांकडे गेली. काचेशी उभी राहिली, आणि हात हलवला. चुडा किणकिणला.

"काय दत्तोबा, जेवलास का?"

थवा शांतपणे वळला आणि दुसऱ्या कोपऱ्याकडे निघून गेला. तिने पुन्हा हात हलवला. एकाही माशाने तिच्याकडे पाहिलं नाही.

या क्षणाची माधवरावांनी किती वाट पाहिली होती! पण जया तशीच हात वर धरून उभी राहिली, आणि त्यांना काही मजा आली नाही.

"कृतघ्न मेला," घरी येताना जया म्हणाली.

"आहेच," माधवराव म्हणाले. "मी म्हणत नव्हतो?"

सोमवारी दुपारी जेवण आवरून माधवराव नेहमीप्रमाणे समोर गेले. विश्वजीत दाराशीच हसत उभा होता. आत टाकीसमोर, त्यांच्या आरामखुर्चीत, जया बसली होती. तिची पर्स मांडीवर होती. शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती परस्पर इथेच आली होती. हातात बशी, नजर काचेवर.

"शाळा?" माधवरावांनी विचारलं.

"हळू बोला. तो बघतोय माझ्याकडे."

"कुठला?"

"तो. डावीकडून दुसरा."

"तो आपला नव्हेच मुळी," माधवराव म्हणाले. "आपला तो पलीकडचा. आणि ती खुर्ची माझी आहे."

"असेल," जया म्हणाली आणि चहाचा घोट घेतला. "स्वयंपाकघरात स्टूल आहे त्यांच्या. आणा आणि बसा."

माधवरावांनी स्टूल आणलं, तिच्या खुर्चीला अगदी खेटून ठेवलं, आणि बसले.